मानाची फेरी

अक्काचं लग्न होऊन बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षांत तिनं मला शर्यतीला एकदाही बोलावलं नव्हतं. पंचमीला बोलवायची, दिवाळीत बोलवायची, तिची मुलगी सृष्टी झाली तेव्हा तर मी महिनाभर तिच्याकडेच होते. पण गुढीपाडव्यानंतरच्या शर्यतीचं नाव काढलं की लगेच विषय बदलायची. ‘काय बघायचंय त्यात, नुसता फुफाटा,’ म्हणायची. मी रुसायचे. सगळ्या गावाचे पाहुणे येतात आणि सख्खी बहीण तेवढी नको, हे मला लागायचं.

शर्यत म्हणजे बैलांची नव्हे. अक्काचं सासर ढोकीच्या पुढे, सगळा उसाचा भाग. तिथे ट्रॅक्टर उलटे चालवायची शर्यत असते. ट्रॅक्टरला एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडायच्या आणि फक्कीच्या रेघांमधून, पिंपांना धक्का न लावता, सगळं धूड मागे मागे नेत माळाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचं. सरळ काय, कुणीही चालवेल. उलटं नेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रॉली उजवीकडे जाते, आणि दुसरी ट्रॉली काय करेल ते खंडोबाच जाणे. चालवणारा पूर्ण वेळ मान मागे वळवून बसलेला असतो. आमचे दाजी, शिवानंद, त्यात पटाईत होते.

मी तुळजापुरात एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासते, तिथेच खोली घेऊन एकटी राहते. स्वभाव तोंडावर बोलायचा, त्यामुळे दोन ठरलेली स्थळं फिसकटली. अक्का लहानपणापासून सांगत आली, ‘आमच्या प्रियाला खोटं बोलता येत न्हाय.’ पाहुण्यांत, शेजारीपाजारी, सगळीकडे सांगायची. मला ते कौतुक वाटायचं.

यंदा तिचा फोन आला. म्हणाली, शर्यतीला ये, आणि नुसती बघायला नको, यंदा मानाच्या फेरीला तुलाच उभं करायचंय. मी इतकी खूश झाले की का म्हणून विचारलंसुद्धा नाही. अणदूरला आईकडे जाऊन शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घेतल्या, नवी साडी फॉल-पिको करून आणली आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.नं निघाले.

घरात सणासारखी गडबड होती. दाजी अंगणात ट्रॅक्टर धूत होते. अक्काचे सासरे, शिवशरण अप्पा, बाजेवर बसून झेंडूच्या माळा ओवत होते, कुबडी शेजारी टेकवलेली. त्यांचा पाय काही वर्षांपूर्वी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून मोडला, असं आम्हाला सांगितलेलं होतं. सृष्टी येऊन गळ्यात पडली. नऊ वर्षांची पोर, पण वजन चिमणीएवढं. मी तिला मांडीवर घेऊन चटणी-भाकरी भरवत होते, तेव्हा ती मध्येच थांबली, मान वळवून तिनं मागच्या भिंतीकडे नीट पाहिलं, ‘न्हाय कुणी’ असं हळूच म्हणाली आणि पुन्हा घास चावू लागली.

हा कुठला खेळ, मी विचारलं. अक्का चुलीपाशी होती. शाळेतलं खूळ आहे, म्हणाली. तिनं वर मात्र पाहिलं नाही.

दिवस मावळल्यावर आम्ही माळावर गेलो. हंगामात तिथे ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, असतात. टोळ्या आपापल्या गावी परतल्या होत्या, पण तीन दगडांच्या चुलींच्या काळ्या खुणा आणि उसाच्या वाळक्या पानांचं तुडवलेलं पाचट अजून जागोजाग दिसत होतं. बाकी मजा काय वर्णावी! हॅलोजनच्या उजेडात धूळ पिवळी दिसत होती. भोंग्यावर गाणी, भज्यांचा घाणा, डिझेलचा वास, फेटे बांधलेले पाहुणे. पहिलेच तीन ट्रॅक्टर सरावाला फिरले तेव्हा मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. एवढी मौज हिनं इतकी वर्षं माझ्यापासून लपवली, म्हणून अक्काला चार शब्द ऐकवलेही.

ती हसली नाही. माझा हात धरून तिनं मला मानाची फेरी कशी असते ते समजावलं. शर्यत सुरू व्हायच्या आधी दाजी आपला ट्रॅक्टर एकट्यानं उलटा नेणार. जी बाई या माळावर पहिल्यांदाच आली आहे, तिनं ट्रॉलीच्या मागे बॅटरी घेऊन उभं राहायचं, ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत मागे मागे सरकायचं आणि बांध आला की ‘बास’ म्हणायचं.

“मग तुला विचारतील, मागं कोण हाय का,” अक्का म्हणाली. “वळून बघायचं. जे दिसंल ते सांगायचं.”

“दिसणार काय? बांधच ना?”

“बघून सांग पण. न बघता सांगू नको.”

तिचा तळवा घामानं ओला झाला होता. दाजी हरू नयेत म्हणून हिची घालमेल चालली आहे, असं मी समजले.

भोंगा बंद झाला. मग एकेक करत हॅलोजन विझले. एवढा मोठा जमाव, पण पोरंसुद्धा गप्प झाली. मला वाटलं होतं शिट्ट्या वाजतील, नाव पुकारतील. तसं काहीच झालं नाही. अंधारात नुसतं इंजिन घरघरत होतं आणि ट्रॉलीचं मागचं फळकूट माझ्या दिशेनं सरकू लागलं. मी बॅटरी हलवत ‘येऊ द्या… येऊ द्या…’ म्हणू लागले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. माळ संपतच नव्हता. लोक लांब राहिले, भज्यांचा वास लांब राहिला, आणि एका ठिकाणी अचानक वेगळाच वास आला. उन्हात तापलेल्या पाचटाचा आणि डोक्याला चोपडलेल्या खोबरेल तेलाचा. माझ्या टाचेला बांधाची माती लागली.

“बास,” मी म्हणाले.

इंजिन चालूच होतं. दाजी विचारतील म्हणून मी वाट पाहत होते. प्रश्न आला तो माझ्या कानाशी, बाईच्या आवाजात. दमलेला, अदबीचा आवाज.

“बाई… मागं कोण हाय का… बघा की.”

अक्काच मागून आली असणार असं वाटून मी वळले. बॅटरीच्या उजेडात बांधाच्या कडेला एक बाई झोपलेली होती. कुशीवर, हाताची उशी करून, तोंडावर पदर. टाचांच्या भेगांत चिखल वाळलेला होता. दिवसभर राबून जेवणानंतर जरा आडवं व्हावं, तशी ती पडली होती. ट्रॉलीचं चाक तिच्यापासून हातभर अंतरावर होतं.

“थांबा!” मी ओरडले. “मागं बाई झोपलीय!”

इंजिन बंद पडलं. हॅलोजन लागले. बांधावर कुणीही नव्हतं.

आता सगळे हसतील म्हणून मी ओशाळून उभी राहिले. कुणी हसलं नाही. अप्पा कुबडी टेकत टेकत तेवढा माळ तुडवून आले आणि त्यांनी हात जोडले. मी त्यांना वाकून नमस्कार करणार होते, पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्यावरून, माझ्या मागे, कुठेतरी त्यांनी हात जोडलेले होते. अक्कानं माझी ओटी भरली, खण-नारळ पदरात टाकला आणि चटका बसल्यासारखी मागे सरकली. त्यानंतर रात्रभर तिनं मला हात लावला नाही.

शर्यत झाली. दाजी दुसरे आले. घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा अक्का अंगणाच्या मधोमध बसली, अंधाराकडे पाठ करून, आणि काहीतरी गुणगुणत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी तिला भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी स्वतःची समजूत घातली. अंधार होता, बॅटरी होती, पाचटाचा ढीग असेल. दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी जेवणं झाली, घरदार निजलं. पंखा गरगरत होता. मी माजघरात मोबाइल बघत पडले होते.

“बाई… मागं कोण हाय का… बघा की.”

तोच वास. मी झटक्यात उठून मागे पाहिलं. धान्याच्या कोठ्या, त्यांच्यावर घड्या घातलेल्या गोधड्या. कुणी नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप ‘न्हाय कुणी’ निघालं, आणि कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला. मी नव्हे.

मी अक्काकडे धावले. ती जागीच होती. सृष्टीला थोपटत, दाराकडे डोळे लावून, माझीच वाट पाहत असल्यासारखी.

“विचारलं का तुला?” ती म्हणाली.

म्हणजे हिला ठाऊक होतं. फोनवर मला बोलावताना, माझा हात धरून समजावताना, हिला सगळं ठाऊक होतं.

मग तिनं सांगितलं, अगदी हळू, पोर जागी होऊ नये म्हणून. पुष्कळ वर्षांपूर्वी, तिच्या लग्नाच्याही आधी, त्या माळावर भर दुपारी एक ट्रॅक्टर मागे घ्यायचा होता. मागे उभे होते अप्पा. चालवणाऱ्यानं विचारलं, मागं कोण हाय का. अप्पा तंबाखू मळत होते. मान न वळवता म्हणाले, न्हाय कुणी, येऊ द्या. ट्रॉलीच्या सावलीला एक ऊसतोड बाई निजलेली होती. पुढे पंचनामा झाला तेव्हा सगळ्या गावानं एकच सांगितलं, आमच्या ट्रॅक्टरमागं कुणी नव्हतंच, बाई रस्त्यावर दुसऱ्याच गाडीखाली आली. तिच्या टोळीला त्याच संध्याकाळी गाव सोडायला लावलं. तिचं नाव काय होतं, ते गावात आज कुणालाही सांगता येत नाही.

“गावातल्या माणसावर तिचा इश्वास न्हाय,” अक्का म्हणाली. “म्हणून परक्या माणसाला इचारती. लई जणींना काईच दिसत न्हाय. जिला दिसतंय आन जी खरं सांगती, तिच्यासंगं जाती. म्या नवी नवरी होते. मला बी कुणी सांगितलं न्हवतं.”

“मग… काय करते ती?”

“काई न्हाय. दुपारची इचारती. बघून सांगितलं की गप बसती.” अक्कानं सृष्टीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. “न बघता सांगितलं, तर मग मागं कोण ना कोण असतंयच. आपलंच. अप्पांचा पाय काय विहिरीत न्हाय मोडला, प्रिया. त्या दिवशी म्या पेंगत हुते. न बघता न्हाय म्हणाले. संध्याकाळी ह्यांनी ट्रॅक्टर मागं घेतला.”

मी विचारलं, मलाच का.

“दिवाळीपासनं ती सृष्टीला इचाराय लागली. पोर हाय. खेळण्याच्या नादात न बघता बोलली तर?”

“मला सांगून आणायचं होतंस, अक्का.”

“सांगितलं असतं तर आली असतीस?”

आले असते. देवाशपथ आले असते. सृष्टीसाठी मी त्या बांधावर उभी राहिले असते आणि ती जी कोण होती तिला म्हणाले असते, चल माझ्याबरोबर. हे अक्काला कळलं नाही. बारा वर्षं मला दूर ठेवून तिनं मला जपलं होतं, हे मान्य. पण शेवटी माझा खरेपणाच तिनं आमिषासारखा गळाला लावला, आणि वर मानाच्या नावानं ओटी भरली. मी तिच्याशी एक शब्दही न बोलता पिशवी उचलली आणि निघाले. सृष्टी फाटकापर्यंत सोडायला आली. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, तेवढाच मला दिलासा होता.

तुळजापूरला परत आल्यावर माझ्या दुपारी बदलल्या. लॅबमध्ये डबा खाताना, खोलीवर सुट्टीच्या दिवशी, कधी भर बाजारात भाजी घेतानासुद्धा तो आवाज यायचा. मी वळायचे, नीट पाहायचे, ‘न्हाय कुणी’ म्हणायचे. लोक म्हणत असतील, बाईला मानेचं दुखणं आहे. खरं सांगायचं तर तिची मला सवय झाली. पुढेपुढे कीव यायची. बिचारी मागत काय होती, कुणीतरी एकदा वळून बघावं, एवढंच.

सवय झाली नाही ती अक्काची. तिचे फोन सुरूच होते. स्वयंपाकघरात फरशी बसवली, सृष्टीला चित्रकलेत बक्षीस मिळालं, दाजींना नवा मोबाइल घेतला. आवाज असा मोकळा की लग्नाआधीची अक्का आठवावी. आणि इतक्या फोनमध्ये एकदा, फक्त एकदा, तिनं विचारायला हवं होतं की तुझं कसं चाललंय गं. नाही विचारलं.

मग श्रावणातला तो रविवार आला. सृष्टीचा वाढदिवस होता. मी तिच्यासाठी रंगांची मोठी पेटी घेऊन ठेवली होती. साडेदहाच्या गाडीनं निघणार, तेवढ्यात अक्काचा फोन.

“प्रिया, तू… नको येऊस आज,” ती म्हणाली. “म्हणजे राग मानू नको. पण तुझ्यासंगं ती येणार की घरात. आता कुठं पोर नीट झोपाय लागलीय.”

मी फोन ठेवला. साडी तशीच अंगावर, पेटी तशीच टेबलावर. किती वेळ त्या पेटीकडे बघत बसले होते कुणास ठाऊक. रडू आलं नाही. नुसता संताप. जिच्यासाठी हे गळ्यात घेतलं तिच्या वाढदिवसालाही मी नको. गल्लीत दुपारची सामसूम झाली होती. पाचटाचा वास आला.

“बाई… मागं कोण हाय का… बघा की.”

मी मान वळवली नाही.

“न्हाय कुणी,” मी म्हणाले. “असलं तर असू दे.”

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तो दमलेला आवाज म्हणाला, “बरं.” आणि पहिल्यांदाच मला पावलं ऐकू आली. अनवाणी, भेगाळलेल्या टाचांची पावलं, माझ्यापासून दूर जाणारी, दाराबाहेर, जिन्यावरून खाली.

तेव्हा मी वळले. गॅसची टाकी आणि भिंत यांच्यामधल्या फरशीवर सृष्टी झोपली होती. कुशीवर, गालाखाली हात, अंगात नवा गुलाबी फ्रॉक. मी हाक मारली, पुढे झाले, आणि माझे हात गार फरशीवर टेकले.

अक्काचा नंबर लागेपर्यंत मी तोंडानं काय काय बडबडत होते, मला आठवत नाही. तिनं फोन उचलला तो झोपेतच.

“सृष्टी कुठंय?”

“झोपलीय की माझ्याजवळ. जेवून सगळे…”

“हात लावून बघ, अक्का. हात लाव.”

पांघरूण सरकल्याचा आवाज आला. मग नुसता तिचा श्वास. “न्हाय गं इथं,” ती म्हणाली. “आत्ता हुती. अंगणात गेली असंल, ट्रॉलीखाली सावलीत बाहुल्या मांडती…”

फोनमधून, तिच्या मागून, ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

“दाजींना थांबव! अक्का, दाजींना थांबव!”

“हे तर इथं झोपलेत,” ती पुटपुटली. “अप्पा बी इथंच हायत… किल्ली खुंटीला…”

ती धावली. बांगड्या वाजल्या, दाराची कडी वाजली. इंजिनाची घरघर एकदम मोठी झाली, आणि त्या घरघरीच्या वर एक बाई शांतपणे, लयीत म्हणत होती, ‘येऊ द्या… येऊ द्या…’

मग अक्का दारातच थांबली असावी, कारण बांगड्या थांबल्या.

“प्रिया,” ती म्हणाली, “ट्रॉलीच्या मागं… तू कधी आलीस?”